गुण्याची परीक्षा : काटकोन तपासायला दुसरा काटकोन लागत नाही

सुतारकामाचा छंद नव्याने लागलेला माणूस पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर गुण्या, म्हणजे काटकोन आखायचे आणि तपासायचे एल आकाराचे हत्यार, घ्यायला जातो. दुकानदार त्याच्या हातात सहा इंची लोखंडी गुण्या ठेवतो. गिऱ्हाईक विचारते, "पण हा बरोबर नव्वदचा आहे ना?" दुकानदार खोक्यातून तसलाच दुसरा गुण्या काढतो, एकावर एक ठेवून कडा जुळवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, केसाचाही फरक नाही." गिऱ्हाइकाचे समाधान होते आणि पैसे दिले जातात.

दुकानदार इथे खोटे बोलत नाही. कडा खरोखरच जुळलेल्या असतात. पण या तपासणीतून एवढेच कळते की दोन्ही गुण्ये एकसारखे आहेत. दोन्ही सारखेच बरोबर आहेत की सारखेच चुकलेले, हे त्यातून कळणे शक्य नाही. एकाच कारखान्यात, एकाच जिगमध्ये, म्हणजे भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात, धरून रिव्हेट मारलेले गुण्ये एकमेकांशी जुळणारच. जिग अर्ध्या अंशाने कललेला असेल तर खोक्यातले सगळे गुण्ये अर्ध्या अंशाने कललेले निघतील, आणि तरीही एकमेकांवर बेमालूम बसतील.

याला जोडून दुसरा समज असतो : मग महागातला परदेशी गुण्या घ्यावा, तो चुकणार नाही. चांगल्या कंपनीचा महाग गुण्या बहुतेक वेळा चांगलाच असतो, यात वाद नाही. पण ज्याला छंदापुरते काम करायचे आहे, किंवा ज्याचे पोट सुतारकामावर आहे आणि हत्यारांसाठी हाताशी थोडेच पैसे आहेत, त्याने पाच-सात हजारांच्या गुण्याकडे बघत बसण्याची गरज नाही. दोन-तीनशे रुपयांच्या गुण्यांतही उत्तम गुण्या सापडतो. तो ओळखता आला पाहिजे, आणि ओळखण्यासाठी लागणारे विज्ञान सातवी-आठवीच्या भूमितीपलीकडचे नाही.

मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आधी सांगतो. लांबी मोजायची तर जगाला एक ठरलेले माप लागते. एके काळी पॅरिसजवळच्या सेव्हर येथे ठेवलेला धातूचा दांडा म्हणजे मीटर होता, 1983 पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. किलोग्रॅमसाठी तर 2019 पर्यंत तिथलाच एक धातूचा ठोकळा प्रमाण होता. तुमची फूटपट्टी बरोबर आहे की नाही, हे खोलीत एकटे बसून तुम्हाला ठरवता येणार नाही. तिची तुलना शेवटी कुठल्या तरी प्रमाणाशी करावीच लागते. काटकोनाचे तसे नाही. काटकोन म्हणजे सरळ रेषेवरच्या कोनाचा बरोबर अर्धा भाग. ज्याच्याकडे सरळ रेषा आहे, त्याच्याकडे काटकोन तपासण्याचे सगळे साहित्य आहे. सरकारी शिक्का, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र, शेजाऱ्याचा गुण्या, यांतले काहीही लागत नाही.

आता रीत. एक सरळ कड असलेला प्लायवूडचा किंवा एमडीएफचा तुकडा घ्या. गुण्याचा जाड भाग, म्हणजे स्टॉक, त्या कडेला घट्ट टेकवा आणि पातळ पात्याच्या बाहेरच्या कडेने एक रेघ मारा. मग गुण्या पालथा करा, म्हणजे स्टॉक आधी उजवीकडे असेल तर आता डावीकडे येईल. पाते त्याच रेघेच्या बुडाशी आणून दुसरी रेघ मारा. गुण्या खरा असेल तर दोन रेघा एकमेकींवर पडतील. खोटा असेल तर बुडाशी एकत्र असलेल्या रेघा वर जाताना फाकतील.

फाकण्याचे प्रमाण नीट समजून घेऊ. समजा गुण्याचा कोन 90 अंशांऐवजी 89.9 आहे. पहिली रेघ खऱ्या लंबापासून 0.1 अंश एका बाजूला कलेल. पालथ्या गुण्याने मारलेली दुसरी रेघ तेवढीच, पण विरुद्ध बाजूला कलेल. म्हणजे दोन रेघांमध्ये 0.2 अंशांचा कोन. गुण्याची चूक आपल्याला दुप्पट होऊन दिसते. दुकानातल्या तपासणीत दोन चुकांची वजाबाकी होत होती, म्हणून सारख्या चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या. इथे त्याच चुकांची बेरीज होते. सगळा खेळ या एका चिन्हाचा आहे. मोजमापाच्या शास्त्रात या युक्तीला मोठा मान आहे. गवंड्याची स्पिरिट लेव्हल उलटसुलट ठेवून तपासतात, तीही हीच युक्ती. तपासण्यासाठी वापरलेली सरळ कड खरोखर सरळ आहे का, हेही याच मार्गाने बघता येते : पट्टीने रेघ मारायची, पट्टी उलटून त्याच दोन टोकांवर ठेवायची, पुन्हा रेघ मारायची. पट्टी वाकडी असेल तर दोन रेघांमध्ये भिंगाच्या आकाराची फट पडते, आणि तीही चुकीच्या दुप्पट असते.

रेघ कशाने मारता याने फार फरक पडतो. कानाला लावायची जाड सुतारी पेन्सिल इथे कामाची नाही, तिची रेघच मिलिमीटरभर रुंद. धारदार मार्किंग नाइफ किंवा निदान कटरचे टोक वापरा. माणसाच्या डोळ्याला साधारण एक कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन वेगळा दिसतो. हातभर अंतरापेक्षा थोडे जवळ, 30 सेंटिमीटरवर, याचा अर्थ 0.09 मिमीच्या आसपास. पण डोळ्याला आणखी एक कसब आहे. दोन रेघांची टोके एकासमोर एक आली आहेत की किंचित सरकलेली आहेत, हे तो त्याहून कितीतरी बारीक ओळखतो, पाच-दहा विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). त्याच 30 सेंटिमीटरवर हे अंतर 0.015 मिमीच्या आत येते. व्हर्नियर कॅलिपरचे वाचन याच क्षमतेवर चालते. म्हणून चाकूच्या दोन बारीक रेघा आणि साधे डोळे, एवढ्यात आपण एका केसाच्या जाडीपेक्षा कमी चूक पकडू शकतो.

आता दुकानात उभे आहोत, फळी नाही, चाकू नाही, रेघा मारायला दुकानदार जागा देत नाही. तरीही काउंटरवर जाड काच असते. आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड केलेली असते. पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने ही रीत 1959 मध्ये जाहीर केली. त्यामुळे आपल्या कामापुरती ती छान सपाट असते. दोन गुण्ये घ्या. दोन्हींचे स्टॉक काचेवर आडवे, पाती उभी. पात्यांच्या बाहेरच्या कडा एकमेकींसमोर आणून भिडवा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. दोन्ही कोन 90 हून कमी असतील तर पाती आपापल्या स्टॉककडे झुकतील, खाली चिकटतील आणि वर उजेडाची फट दिसेल. दोन्ही 90 हून जास्त असतील तर वर चिकटून खाली फट दिसेल. काही मायक्रॉनची फटही मागे उजेड असेल तर दिसते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एकावर एक ठेवण्यात आणि समोरासमोर उभे करण्यात फरक तोच : पहिल्यात वजाबाकी, दुसऱ्यात बेरीज. पण इथे एक नवी पंचाईत आहे. एक गुण्या 0.1 मिमी आत झुकलेला आणि दुसरा तेवढाच बाहेर झुकलेला असेल, तर त्यांची बेरीज शून्य होते. फट दिसत नाही, आणि दोन्ही चुकीचे गुण्ये खरे वाटतात. यावर उपाय आहे तिसरा गुण्या.

तिघांना अ, ब, क म्हणू. पात्याच्या टोकाशी अ किती झुकला आहे ते a, तसेच b आणि c. स्टॉककडे झुकला तर अधिक, बाहेर झुकला तर उणे. आता तीन जोड्या लावायच्या : अ-ब, ब-क, क-अ. समजा अ-ब जोडीत फट नाही, म्हणजे a + b = 0. ब-क जोडीत खाली 0.1 मिमीची फट, म्हणजे b + c = −0.1. क-अ जोडीत वर 0.1 मिमीची फट, म्हणजे c + a = +0.1. तिन्ही समीकरणे मिळवली तर 2(a + b + c) = 0, म्हणजे तिघांची बेरीज शून्य. त्यातून a + b = 0 वजा केले की c = 0. क गुण्या खरा. मग a = +0.1 आणि b = −0.1. जी जोडी सगळ्यांत छान जुळत होती, तिच्यातलेच दोघे चुकीचे निघाले.

याची उलट बाजू त्याहून देखणी आहे. तिन्ही जोड्यांत कुठेच फट नसेल तर a + b = 0, b + c = 0, c + a = 0. या तीन समीकरणांना एकच उत्तर आहे : तिघेही शून्य. दोघे संगनमत करू शकतात, तिघे करू शकत नाहीत. हेच एकावर एक ठेवून केले असते तर समीकरणे a − b = 0, b − c = 0, c − a = 0 अशी झाली असती, आणि त्यांना असंख्य उत्तरे आहेत. तिघेही एक अंशाने चुकले असते तरी चालले असते. खोक्यातले पन्नास गुण्ये एकमेकांवर जुळवून बघितले तरी परिस्थिती हीच राहते.

तीनचा हा नियम यंत्रयुगाच्या पायाशी आहे. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने 1840 मध्ये ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत धातूचे अचूक सपाट पृष्ठभाग करण्यावर निबंध वाचला होता. दोनच पत्रे एकमेकांवर घासून जुळवले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते नीट बसतात. तिसरा आणून तिघांना जोड्याजोड्यांनी जुळवत गेले की तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आधी एखादा सपाट नमुना हातात असावा लागत नाही. काटकोनाबद्दल आपण जे केले ते याचेच भावंड आहे.

काउंटरवर तपासताना एक पथ्य पाळा. तीच जोडी काचेवर दोन वेगळ्या ठिकाणी लावून बघा. फट बदलली तर दोष काचेचा. आणि हेही ध्यानात ठेवा की काचेवर आपण गुण्याचा बाहेरचा कोन तपासतो, तर रेघ मारताना स्टॉकची आतली बाजू लाकडाला टेकते. स्टॉकच्या दोन बाजू समांतर नसतील तर बाहेरून खरा असलेला गुण्या आतून चुकतो. तेव्हा काचेवर निवडायचे आणि घरी आल्यावर रेघा मारून पक्के करायचे. त्याच रेघेवर पात्याची आतली कडही लावून बघायची.

पण किती अचूक म्हणजे पुरे? सुतारी गुण्यांसाठीचे ब्रिटिश मानक बीएस 3322 पात्याच्या दर 10 मिमीला 0.01 मिमी चूक चालवून घेते, म्हणजे सहा इंची पात्याच्या टोकाला 0.15 मिमी. कारखान्यातल्या फिटरच्या पोलादी गुण्यांसाठी जर्मन मानक डीआयएन 875 फार कडक आहे. त्याच्या सर्वांत सैल, दुसऱ्या श्रेणीतही 150 मिमी पात्याला 35 मायक्रॉनच मुभा, आणि 'शून्य' श्रेणीत फक्त 8 मायक्रॉन. लाकडाला शून्य श्रेणी नको. कारण लाकूड स्वतःच तेवढे स्थिर राहत नाही. सागासारख्या शहाण्या लाकडाचीही 100 मिमी रुंद फळी, तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर अर्धा-पाऊण मिलिमीटर फुगते. कोकणातल्या घरात मे महिन्यात बसवलेला ड्रॉवर जुलैत अडकतो, तो यामुळे. पण म्हणून गुण्या कसाही चालेल असे नाही. दर 100 मिमीला 0.5 मिमी चुकणारा गुण्या वापरून 600 मिमी खोल कपाटाची बाजू आखली तर दुसऱ्या टोकाला 3 मिमीची तूट येते, आणि ती दाराच्या फटीत सगळ्यांना दिसते. माझ्या मते उलटवून मारलेल्या दोन रेघा 150 मिमीच्या टोकाशी 0.2 मिमीच्या आत राहिल्या, म्हणजे खरी चूक 0.1 मिमीच्या आत असली, की तो गुण्या कपाट, पलंग, टेबल, कशालाही डोळे मिटून घ्यावा.

प्रकारांबद्दल थोडक्यात. कमी पैशांत सर्वांत भरवशाचा म्हणजे फिटर वापरतात तो अखंड पोलादी, न हलणारा गुण्या. त्यात सरकणारा, झिजणारा भागच नाही. उष्णतेने तो बिघडेल अशी भीती बाळगू नका : पोलाद सगळ्या दिशांनी सारखेच प्रसरण पावते, आकृती मोठी होते पण कोन बदलत नाही. लाकडी स्टॉक आणि पोलादी पाते असलेला गुण्या हाताला छान वाटतो, पण लाकूड ओलाव्याने फुगते आणि पोलाद फुगत नाही, त्यामुळे पावसाळ्यात तो अधूनमधून तपासावा लागतो. लाकडाला टेकणाऱ्या बाजूवर पितळेची पट्टी असेल तरच तो घ्या.

कॉम्बिनेशन स्क्वेअर, म्हणजे पट्टीवर सरकणारे डोके असलेला गुण्या, अमेरिकेच्या लॅरॉय स्टॅरेट यांचा. त्याचे पेटंट 1879 चे. फार उपयोगी वस्तू आहे. पण तिची अचूकता डोक्याच्या आतल्या खाचेतल्या छोट्या टेकणांवर अवलंबून असते, आणि स्वस्त मालात नेमकी तीच टेकणे ओबडधोबड असतात. पाते डोक्याच्या मध्यावर, मग एका टोकावर कसून दोन्ही ठिकाणी रेघांची परीक्षा करा. निकाल वेगवेगळे आले तर तो ठेवून द्या. आणि ज्यांच्याकडे खरोखरच पैसे नाहीत त्यांनी ड्रॉइंगसाठी मिळणारा मोठा ॲक्रिलिकचा त्रिकोणी गुण्या आणावा. कंपासपेटीतल्या गुण्याचा हा थोरला भाऊ स्वस्त असतो आणि पुष्कळदा चांगला खरा निघतो. तो चाकूने कापला जातो म्हणून आखायला वापरू नये, इतर गुण्ये तपासायला संदर्भ म्हणून जपून ठेवावा.

डिजिटल कोनमापकांच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. पडद्यावर 90.05 असा आकडा उमटतो म्हणून यंत्राला अंशाचा विसावा भाग कळतो असे नाही. दाखवलेले दशांश आणि खरी अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच स्वस्त यंत्रांच्या पत्रकातच अचूकता ±0.2 किंवा ±0.3 अंश लिहिलेली असते, आणि 0.3 अंश म्हणजे दर 100 मिमीला अर्धा मिलिमीटर. चाकूच्या दोन रेघा त्याहून पुष्कळ पुढच्या आहेत.

मोठ्या कामाला छोटा गुण्या पुरत नाही. कपाटाचा सांगाडा जोडला की कोनाकोनी माप घ्यायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे असतील तर सांगाडा गुण्यात आहे. बाजू न मोजता नुसते कर्ण जुळवू नका, कारण एका बाजूला निमुळत्या चौकटीचेही कर्ण सारखे येऊ शकतात. खोलीच्या कोपऱ्यासाठी गवंड्यांचे तीन-चार-पाच आहेच. 900 आणि 1200 मिमीवर खुणा करून कर्ण 1500 यायला हवा. कर्ण मोजताना एक मिमी चुकला तर कोन 0.08 अंशांनी चुकतो, दर 100 मिमीला 0.14 मिमी. टेपने मोजूनही एवढे साधते. शुल्बसूत्रांमध्ये, म्हणजे यज्ञवेदी बांधण्याच्या प्राचीन ग्रंथांमध्ये, वेदी आखताना दोरीची दोन टोके खुंट्यांना बांधून तिचा मध्य एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला ताणून लंब काढण्याची रीत आहे, आणि तीसुद्धा उलटसुलट करण्याचीच युक्ती आहे. त्या कारागिरांची थोरवी या तपासून बघता येणाऱ्या रीतीत आहे. तिला गूढ शक्ती चिकटवून आपण त्यांचा मान वाढवत नाही. प्लॉट गोमुखी की व्याघ्रमुखी यावर वास्तुशास्त्राच्या सल्लागाराला पैसे देणारे घरमालक स्वयंपाकघराच्या ओट्याचा कोपरा काटकोनात आहे का, हे दोरीने बघत नाहीत, आणि मग फर्निचर बसवताना भिंतीशी राहिलेली फट झाकायला पट्ट्या मारायची वेळ सुतारावर येते. माणसाच्या नशिबावर कोपऱ्याचा परिणाम होत नाही. कपाटावर मात्र नक्की होतो.

शेवटी, चुकलेला गुण्या फेकून द्यायलाच हवा असे नाही. एकाच पत्र्यातून कापलेला मोठा इंग्रजी एल आकाराचा गुण्या पडून बिघडला असेल तर तो सुधारता येतो. कोपऱ्यातल्या धातूवर सेंटर पंच, म्हणजे खूण उमटवायचा टोकदार पोलादी दांडा, ठेवून ठोका मारला की तिथला धातू चारी बाजूंना पसरतो. कोन 90 हून कमी झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ ठोकायचे : तिथला धातू पसरून दोन्ही हात लांब ढकलतो आणि कोन उघडतो. कोन जास्त झाला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोकायचे, म्हणजे तो मिटतो. खाली जाड लोखंडी ठोकळा हवा, ठोका हलका हवा, आणि दर ठोक्यानंतर रेघांची परीक्षा पुन्हा करायची. रिव्हेटच्या गुण्याला हे जमत नाही. त्याची पात्याची कड बारीक कानशीने घासून सरळ करता येते, पण तेवढ्या मेहनतीपेक्षा बिल जपून ठेवणे आणि दुसऱ्याच दिवशी बदलून आणणे बरे. आणि कुठलाही गुण्या फरशीवर पडला, तर तो पुन्हा लाकडाला लावण्याआधी दोन रेघा मारून बघाव्यात.